दिवा वाढव

“आधी स्टूल धर, मग बोल,” दादा म्हणाला.

मी स्टूल धरलं. ते डुगडुगत नव्हतं, पण दादा काहीही करत असला की बाकीच्यांनी काहीतरी धरून उभं राहावं लागतं. वहिनींच्या हातात पक्कड, टेस्टर आणि काळ्या चिकटपट्टीचं रीळ होतं. दादाचा एक पाय स्टुलावर आणि एक पलंगाच्या कठड्यावर होता. त्या दोन पायांच्या मधे, खाली, आई होती. तिच्या पोटावरच्या पांघरुणात दादाने काढून ठेवलेलं दिव्याचं काचेचं फूल होतं आणि तिच्या श्वासाबरोबर ते वरखाली होत होतं.

तो दिवा म्हणजे दादाच्या बंगल्याची शान. भिंतीतून बाहेर आलेला पितळेचा वळणदार हात, टोकाला दुधी काचेचं उमललेलं फूल, फुलाच्या पोटात बल्ब. कंपनीने जर्मनीला पाठवलं होतं तेव्हा दादाने तो विमानात मांडीवर घेऊन आणला होता. सांगलीत आल्यावर कळलं की त्याचा होल्डर आपल्याकडचा नाही. आपल्या बल्बला दोन पिना असतात, खाचेत घालून फिरवला की बसतो. ह्याला आट्यांचा बल्ब लागत होता, आणि तोही अंगठ्याएवढ्या बारीक बुडाचा. बाजारात त्या मापाचा एकच मिळाला, देवघरात लावतात तसला, पिवळा, मिणमिणता. इतकी वर्षं तोच होता. पाहुण्यांची खोली, कुणाचं काही अडलं नव्हतं.

दिवाळीनंतर आईला अर्धांगवायूचा झटका आला. बाथरूम लागून होती म्हणून दादाने तिला ह्या खोलीत ठेवलं. तिची उजवी बाजू गेली होती. उजवी पापणी पूर्ण मिटत नव्हती, त्यासाठी डॉक्टरांनी थेंब दिले होते. बोलणं आधी सगळंच गेलं, मग थोडं परत आलं, पण मागच्या दाराने आल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी जुने शब्द आधी येतात, नवे मागे राहतात. लाईट हा शब्द तिचा गेला आणि दिवा राहिला. शैला हे माझं नाव गेलं, आणि मी लहान असताना ती मला म्हणायची ते ‘बाय’ परत आलं.

मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. सुट्टी मिळेल तशी येऊन राहत होते. त्या रविवारी दुपारी आले तेव्हा दादा बाजारात गेला होता. वहिनी स्वयंपाकघरात होत्या.

“शैलाताई, सकाळपासून आईंचं एकच चाललंय,” त्या म्हणाल्या. “वाढव, वाढव. मला वाटलं, जेवायला वाढ म्हणतायत. मऊ भात केला, वरण घातलं, तर तोंड फिरवलं. परत आपलं, वाढव. मी म्हटलं, भूक नाही तर वाढू कुठे? शेवटी ह्यांनी ओळखलं.”

“काय ओळखलं?”

“दिव्याकडे बोट करत होत्या. हे म्हणाले, अगं, तिला दिसत नाहीये, उजेड वाढव म्हणतेय! आणि तसेच गाडी काढून बल्ब आणायला गेले.” वहिनींच्या आवाजात नवऱ्याचं कौतुक होतं. वहिनी बडोद्याच्या, त्यांचा काही दोष नाही. त्यांच्या कानावर तो शब्द कधी पडला नसणार.

माझ्या पडला होता. मी खोलीत गेले. वहिनींनी धूळ येते म्हणून खिडक्या लावून पडदे ओढले होते आणि तो पिवळा बल्ब दिवसाढवळ्या चालू होता. आई डाव्या हाताने पदर डोळ्यांवर ओढून पडली होती. मी बटण बंद केलं. तिने पदर खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात बाहेर गाडी वाजली आणि दादा दोन्ही हातांत खोकी घेऊन आत आला.

“अंधारात काय बसलीयस? लाव तो दिवा. आणि विनया, स्टूल आण.”

तर असं ते स्टूल.

“दादा, आईला दिवा बंद करून हवाय,” मी म्हणाले.

“कोण म्हणालं?”

“तीच म्हणतेय सकाळपासून. वाढव म्हणजे विझव. दिवा विझव असं तोंडाने म्हणू नये, म्हणून वाढव म्हणतात. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. तसंच हे.”

दादा वरून हसला. “नारळाचं ठीक आहे. दिव्याचं कुठल्या पुस्तकात वाचलंस?”

“पुस्तकात नाही. घरात. आई रोज म्हणायची.”

“मी नाही कधी ऐकलं.”

“तू घरी नव्हतास.”

ते खरं होतं. चौथी झाल्यावर वडिलांनी त्याला शिकायला मुंबईला काकांकडे ठेवलं. तो यायचा मे महिन्याच्या सुट्टीत, आणि मे महिन्यात आम्ही सगळे अंगणात झोपायचो. तिथे वाढवायला दिवाच नसायचा.

“आलीस का परत तिथेच,” तो म्हणाला. “मी नव्हतो, तू होतीस. मी मजा करत होतो, तू आईची सेवा करत होतीस. विनया, टेस्टर दे.”

“तुम्ही दोघं भांडण्यापेक्षा आईंनाच विचारा ना,” वहिनी म्हणाल्या.

दादा स्टुलावरूनच वाकला. आजारपणापासून तो आईशी बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलायचा. आई बहिरी नव्हती.

“आई! दिवा वाढवू ना?”

आईने मान हलवली. “वाढव,” ती म्हणाली. अगदी स्पष्ट.

“झालं समाधान?”

“अरे, तू तिच्याच शब्दात विचारलंस, ती हो म्हणणारच. थांब जरा.” मी तिच्या तोंडाजवळ गेले. “आई, बंद करू का? दिवा बंद करू?”

“हो, बाय,” आई म्हणाली आणि तिने माझं मनगट धरलं.

“बघ,” मी म्हणाले.

“काय बघ? दोन्हीला हो म्हणतेय ती.” दादाचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ झालेला आवाजच मला सहन होईना. “शैले, तिला कळत नाहीये आता काही. आपणच समजून घ्यायला हवं.”

दोन्हीला नव्हे. एकाच गोष्टीला ती दोनदा हो म्हणाली होती. त्या खोलीत जर कुणाच्या बोलण्यात काही मेळ होता तर तो तिच्या बोलण्यात होता. तिला काही कळत नाही हे आधीच ठरवून टाकलं नसतं, तर ते कुणालाही कळलं असतं. दादा इंजिनियर. एका यंत्राने दोन वेळा तेच उत्तर दिलं असतं तर त्याने आपला प्रश्न तपासून बघितला असता.

दुकानदाराने त्याला दोन जोड दिले होते. एक बारीक आट्यांवरून मोठ्या आट्यांवर नेणारा, दुसरा मोठ्या आट्यांवरून पिनांवर. दिव्याच्या होल्डरमध्ये पहिला, पहिल्यात दुसरा, दुसऱ्यात बल्ब. बल्ब हॉलमध्ये लावतात तसला, पांढरा, गरगरीत. सगळं जोडल्यावर तो वीतभर पुढे आला आणि आपल्या वजनाने खाली झुकला. फुलात तो मावणं शक्यच नव्हतं. दादाने फूल एकदा लावून बघितलं, फिरवून बघितलं, उलटं धरून बघितलं.

“राहू दे फूल,” तो म्हणाला. “उघडा असला तर उजेड जास्तच पडेल.”

“तिच्या डोळ्यांत पडेल.”

“डोळ्यांना दिसावं म्हणूनच लावतोय ना?”

बल्ब लागेना. जोड सैल होता. हलवला की चमकायचा आणि विझायचा. प्रत्येक चमकेला आई मान वळवत होती, डाव्या बाजूला, जेवढी वळेल तेवढी. पदर वर घेत होती. वहिनी तो पुन्हा खांद्यावर नीट बसवत होत्या. “आई, असा नाकातोंडावर नका घेऊ, जीव घाबरेल.” दादाने गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चंदेरी पट्टी फाडली, दुमडली आणि जोडात सारली.

“दादा, तू इंजिनियर आहेस ना?”

“टेम्पररी आहे गं. नीट धर स्टूल.”

त्याने बटण दाबायला सांगितलं. वहिनींनी दाबलं. चर्र असा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि सगळ्या घराची वीज गेली. फ्रिज थांबला. बाहेरच्या खोलीतला टीव्ही थांबला. तोवर संध्याकाळ होत आली होती. पडद्यांच्या कडेने राखाडी रेघ तेवढी दिसत होती.

“झालं,” आई म्हणाली.

हे तिने इतक्या नेहमीच्या आवाजात म्हटलं की मी दचकले. आजारपणाच्या आधीचा आवाज. तिचा डावा हात डोळ्यांवरून उतरून अंथरुणावर पडला. एक लांब श्वास सुटला. मग ती म्हणाली, “निजा आता.”

“घाबरली बघ अंधाराला!” दादा ओरडला. “विनया, मेन स्विच बघ, पळ!”

वहिनी पळाल्या. वीज आली. दादाने ती चंदेरी पट्टी काढून टाकली आणि बल्ब हाताने वर उचलून धरला. तसा धरला की तो नीट लागत होता. मग काय, उपाय सापडला. उशाच्या टेबलावर आईच्या सुजलेल्या पायाला बांधायची पट्टी होती. ती त्याने घेतली, बल्बच्या मानेखालून घातली, पितळेच्या हाताला दोन वेढे दिले आणि गाठ मारली. वरून काळी चिकटपट्टी. तो जर्मन दिवा हात मोडून गळ्यात बांधल्यासारखा दिसायला लागला.

खोली पांढरी झाली. पलंगाखालची धूळसुद्धा दिसायला लागली. आईने डावा हात उचलला आणि चेहऱ्यासमोर धरला.

“नमस्कार करतेय!” दादा म्हणाला. “दिव्याला नमस्कार करतेय बघा. बिचारीचा एकच हात चालतो.”

आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी. वहिनींनीही दिवेलागण झाली म्हणून बल्बला हात जोडले.

मी मागे फिरून बटण बंद केलं. दादाने चालू केलं. मी म्हणाले, निदान ती झोपेपर्यंत. तो म्हणाला, हे घर माझं आहे आणि आईसुद्धा माझी आहे. वहिनी म्हणाल्या, चहा टाकते.

दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रंथालयाची तपासणी होती, मला शेवटची एसटी गाठायची होती. ते दोघं चहाला गेले तेव्हा मी परत बटण बंद केलं, आईच्या उजव्या डोळ्यावर पदर घातला आणि तिच्याजवळ बसले.

“वाढवलास?” तिने विचारलं.

“वाढवला.”

तिने हाताने मला चाचपलं आणि हात तसाच माझ्या मांडीवर ठेवला. निघताना मी वहिनींना दोनदा सांगितलं, तो दिवा लावू नका. त्या हो म्हणाल्या. मी फाटकाशी पोचले तेव्हा आत दादाच्या सपाता वाजल्या. मी वळून बघेपर्यंत त्या खिडकीचा पडदा पांढराफटक झाला होता.

सकाळी फोन आला. आई पहाटे गेली होती.

मी पोचले तेव्हा दुपार होती आणि बल्ब जळत होता. आई त्याच्या खाली, हिरव्या शालीत. कुणीतरी तिच्या उजव्या डोळ्यावर तुळशीचं पान ठेवलं होतं.

“शेवटपर्यंत प्रकाशात होत्या हो,” वहिनी माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या. “ह्यांनी रात्रभर दिवा हलू दिला नाही. दोनदा पट्टी सैल झाली, दोन्ही वेळा उठून बांधली.”

लोक येत होते आणि दादा सांगत होता. “सकाळपासून म्हणत होती, दिवा वाढव. मी वाढवला.” येणारे मान हलवत होते. त्यांच्यातल्या दोघातिघांनी मान हलवताना भुवया किंचित वर केल्या, म्हाताऱ्या माणसांनी. पण मर्तिकाच्या घरात कोण शब्दाचा अर्थ विचारतो? आईला घेऊन गेले. जिथे ती गेली तिथे पणती ठेवली, आणि वरचा बल्बही दादाने तसाच चालू ठेवला. पणतीचा उजेड त्या उजेडात दिसतसुद्धा नव्हता.

दहाव्यापर्यंत गोष्ट वाढली होती. “मला जवळ बोलावून म्हणाली, मुकुंदा, दिवा वाढव.” तिने त्याला जवळ बोलावलं नव्हतं आणि मुकुंद हे नाव तिला झटक्यानंतर एकदाही आठवलं नव्हतं. तेराव्यानंतर ते वाक्य झालं, “मुकुंदा, हा दिवा वाढव, विझू देऊ नकोस.” वर्षश्राद्धाला तो ज्ञानाचा दिवा झाला होता. दरवेळी सांगताना दादाचा आवाज कापायचा. त्याचं रडणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. रडणाऱ्या माणसाला मधेच थांबवून व्याकरण कसं सांगायचं? आणि एकदा सांगितलं होतंच की. मला वाटायचं, ह्याला तेव्हाही कळलं नाही, आता काय कळणार. न कळणाऱ्या माणसावर किती दिवस चिडायचं? तरी मी चिडत होते. बसमध्ये, पुस्तकांना क्रमांक घालताना, भाजी निवडताना. कुठेही तो ‘वाढव’ शब्द आला की माझे कान तापायचे. जेवणाच्या पंगतीत तर तो सारखाच येतो.

मग काही वर्षांनी दादाने अभ्यासिका काढली. कॉलनीच्या मंडळाची जागा होती, पैसे त्याने घातले. गरिबांच्या मुलांना रात्रभर बसून अभ्यास करता यावा म्हणून टेबलं, पंखे, भरपूर दिवे. चांगलं काम होतं, त्यात शंका नाही. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

“तुला दोन शब्द बोलायचेत. तुझं वाचन आहे, काहीतरी साजेसं बोल आईबद्दल.”

मी हो म्हणाले. साजेसं बोलायचं ठरवूनच मी गेले. दारावर संगमरवराची पाटी होती. वर, ‘कै. मनोरमाबाई देशिंगकर अभ्यासिका’. खाली, मोठ्या सोनेरी अक्षरांत, ‘दिवा वाढवा!’ आणि त्याखाली, ‘मातोश्रींचा अखेरचा संदेश’. उद्गारचिन्हासकट.

मी पाटीकडे बघत होते तेवढ्यात कुणीतरी माझ्या दंडाला धरलं. वेणूकाकू. गावी आमची आणि त्यांची भिंत एक होती. त्या आईच्याच वयाच्या. नातवाने त्यांना गाडीत घालून आणलं होतं.

“शैले, हे काय लिहिलंय गं? माझा चष्मा गाडीत राहिला. वाच बघू.”

“दिवा वाढवा.”

“आणि आत काय करणारेत?”

“मुलं अभ्यास करणार.”

“अंधारात?”

आणि काकू हसल्या. दात नसलेलं, अंग हलवणारं हसू. “अगं बाई, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? दिवा वाढवा म्हणे. मग मेणबत्त्या घेऊन बसणार का पोरं?”

दादा पाहुण्यांना दारात घेत होता, तो पुढे आला. वाकून नमस्कार केला. “काकू, हे आईचे शेवटचे शब्द आहेत.”

काकूंचं हसू थांबलं. “मनू असं म्हणाली?”

“हो. त्या दिवशी सकाळपासून सारखं हेच.”

“म्हणणारच. दमली असेल.” काकूंनी पदराने डोळे पुसले. “भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं मला. मनूने दिवा वाढवला की मग मी माझा वाढवायची. तोवर आम्हा दोघींचीही सुटका नसायची. मग वाढवलास ना रे बाळा?”

वहिनी मागून म्हणाल्या, “वाढवला ना, काकू. ह्यांनी रात्रभर तेवत ठेवला.”

“रात्रभर?” काकू म्हणाल्या. त्यांनी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तेवत?”

दादाने मला कोपरापाशी धरलं आणि पायऱ्यांच्या कडेला नेलं.

“हे बघ, आत्ता इथे पाटीचं काढू नकोस. दगडात कोरलंय. आजच्या लोकांना वाढवा म्हणजे वाढवाच कळतं.”

“तुला काय कळतं?”

तो खाली बघत राहिला. “तेराव्याला गुरुजी म्हणाले, आता हा दिवा वाढवायला हरकत नाही. मी पणतीत तेल घालायला लागलो. ते म्हणाले, अहो, वाढवा म्हणजे निरोप द्या तिला.”

“तेराव्याला?”

“हो.”

“म्हणजे तुला तेव्हापासून माहीत आहे.”

“मग काय करायला हवं होतं मी?” त्याचा आवाज चढला, मग लोकांच्या भानाने उतरला. “आईची शेवटची रात्र मी तिच्या डोळ्यांवर बल्ब धरून काढायला लावली, असं सांगत फिरू? ते घेऊन झोपू रोज? शैले, काय फरक पडतो आता? तिच्या नावाने चांगलं काम होतंय ना?”

इतकी वर्षं माझा राग एका न कळणाऱ्या माणसावर होता. तो माणूस नव्हताच. त्या तेराव्यानंतरच्या सगळ्या गोष्टी, तो कापरा आवाज, ते ‘विझू देऊ नकोस’, तो ज्ञानाचा दिवा, हे सगळं त्याने माहीत असताना रचलं होतं. त्याला जे सहन होत नव्हतं ते त्याने फिरवलं, आणि फिरवता फिरवता आईच्या तोंडात घातलं. तिला बोलता येत होतं तेव्हा तिचं ऐकलं नाही, आणि ती गेल्यावर तिला भाषण करायला लावलं.

माईकवरून माझं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, “साजेसं बोल हं,” आणि जाऊन पहिल्या रांगेत बसला.

मी माईक हातात घेतला. समोर मुलं होती, त्यांचे आईबाप होते, मंडळाचे लोक होते. वेणूकाकू कडेच्या खुर्चीत होत्या.

“दारावर जे लिहिलंय ते माझ्या आईचंच वाक्य आहे,” मी म्हणाले. “पण ते अखेरचं नव्हे, रोजचं. सगळ्यांची जेवणं व्हायची, भांडी व्हायची, चूल सारवून व्हायची. आजोबांचे पाय चेपून व्हायचे. दुधाला विरजण लागायचं, उद्याची भाजी निवडून व्हायची. मग ती अंथरुणाला पाठ टेकायची आणि मला सांगायची, बाय, दिवा वाढव. तुमच्यातल्या जुन्या माणसांना माहीत आहे ह्याचा अर्थ. दिवा विझव. दिवसभरात स्वतःसाठी ती एवढंच मागायची. शेवटच्या दिवशीसुद्धा तिने सकाळपासून तेवढंच मागितलं.”

“शैला,” दादा पहिल्या रांगेतून म्हणाला. हळू, पण माईकमध्ये ऐकू आलं.

मी त्याच्याकडे वळले. कागदावर लिहून आणलेलं साजेसं भाषण माझ्या पर्समध्येच होतं. आवाज चढवायची गरज पडली नाही, माईक होता.

“दादा, ती म्हणत होती, पुरे झालं, मला निजू दे. तिचं ‘पुरे’ होतं, त्याचं तू ‘अजून’ केलंस. त्या रात्री तुला कळत नव्हतं, ते मी सोडून दिलं असतं. पण कळल्यावरही तू तिला निजू दिलं नाहीस. अजूनही देत नाहीयेस.”